भट्टी चढताना

२१ डिसेंबर

गेले सगळे! सकाळी शेवटची बस फाटकाबाहेर पडली आणि कारखाना एकदम मुका झाला. इतके दिवस कानात क्रेन, हातोडे, शिट्ट्या, आरडाओरडा. आज फक्त बर्नरचा आवाज. सुट्टी लागली. वर्षअखेरची मोठी सुट्टी, नवीन वर्ष सुरू होऊन बरेच दिवस होईपर्यंत इथे कोणी फिरकणार नाही.

उरलो तिघं. मी, बंब आणि फाटकावरचा म्हातारा वॉचमन. चौथी भट्टी, पण तिला माणसात धरलं तर बंब हसतो.

हे सगळं विटांमुळे झालं. विटा उशिरा आल्या, बांधकाम उशिरा संपलं आणि मालकाला जानेवारीत काच हवी म्हणजे हवीच. म्हणून सुट्टीच्या तोंडावर भट्टी पेटवली. आता ती विझवायची सोय नाही. काचेची नवी भट्टी हळूहळूच तापवावी लागते, दोन आठवडे तरी. वीट तापली की फुगते. भट्टीवरची कमान वाढते, आणि ती वाढेल तसे तिला बाहेरून आवळून धरणाऱ्या लोखंडी दांड्यांचे नट आपण जरा जरा सैल करायचे. उशीर झाला तर विटा एकमेकींना चिरडतात, घाई केली तर कमान बसते. बास, एवढंच आमचं काम. कोणी विचारलं तर मी सांगतो, मी भट्ट्या तापवतो. लोकांना वाटतं थट्टा करतोय.

बंबाचं तिकीट काढलेलं होतं. मीच म्हटलं, थांब. दुसरा माणूस मिळेना, आणि मिळाला असता तरी मला हाच हवा होता. त्यानं डोकं खाजवलं आणि आईला फोन लावून सांगून टाकलं. खरं नाव कंपनीच्या कागदावर आहे, तिथेच राहू दे. अंगानं गोल, सदा तापलेला, आणि आंघोळीला पाणी उकळतं लागतं. बंबच तो.

२२ डिसेंबर

थंडी. पाण्याच्या नळाला सकाळी पंधरा मिनिटं विनवण्या कराव्या लागल्या.

२३ डिसेंबर

आमची घडी बसली. दिवस माझा, रात्र त्याची. सकाळी पाळी बदलताना दोघं ऑफिसच्या वरच्या खोलीत चहा घेतो, त्याच वेळी घरी फोन. आपली सकाळ म्हणजे घरची दुपार. संध्याकाळी पुन्हा एकत्र जेवतो. माझं ते रात्रीचं जेवण, त्याची ती न्याहारी. भात, डाळ, अंडी. तो शिवाय लोणच्याची बाटली उघडून नुसती हुंगतो आणि परत बंद करतो. म्हणतो, पुरवून वापरायला हवी.

बंब फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो. त्याची आई फोन तोंडापासून हातभर लांब धरून बोलते, त्यामुळे तिला वाटतं ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. आज मलाच दरडावलं. माझ्या मुलाला काय खायला घालता, आवाज बारीक झालाय त्याचा! बंबाचा आवाज बारीक! मी म्हटलं, वजन करून पाठवतो. तर म्हणे, मोजू नका, दृष्ट लागेल. मग ताईची तक्रार. ताई म्हणजे बंबाची मोठी बहीण, आईजवळच राहते. ती म्हणते दुपारी जरा पडत जा. आई म्हणाली, "दुपारी आजारी माणसं झोपतात. मी काय आजारी आहे?" बंब मला हळूच सांगतो की बेचाळीस वर्षांत त्यानं आईला उजेडात आडवं झालेलं पाहिलेलं नाही.

माझ्या घरी बाबांनी फोन हिच्या हातातून ओढून घेतला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"किती?"

"एकशे ऐंशी."

"घाई करू नको." आणि फोन परत हिच्याकडे. झालं बोलणं! जन्मभर भट्ट्या तापवल्या, आता गुडघे गेले, छातीचं दुखणं लागलं, तरी भट्टी किती अंशांवर गेली तो आकडा रोज हवा. हिची तक्रार चालूच आहे. गोळ्या घेत नाहीत. काल कुंडीत पुरलेल्या सापडल्या! तुळशीच्या नव्हे, त्या शेजारच्या निवडुंगाच्या. निवडुंग मात्र टवटवीत झालाय म्हणे.

हसलो खूप. फोन ठेवल्यावर मात्र घराची फार आठवण आली. पोरगी मोठी झालीय, फोनवर दोन वाक्यांत उरकते. मी गेलो की मला तिच्या खोलीचं दार वाजवून आत जावं लागेल आता.

२४ डिसेंबर

वॉचमननं हातवारे करून विचारलं, तुम्ही घरी का नाही गेलात. मी भट्टीकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली आणि खिशातून दोन संत्री काढून दिली. भाषा एकमेकांची ओ की ठो कळत नाही. पण माणूस भला आहे.

बंबानं साली सोलून हीटरवर ठेवल्या. खोलीला वास आला.

२६ डिसेंबर

काय लिहू.

दुपारी मी कमानीवरच्या फळीवर होतो. फोन वाजला. बंबाची ताई. माझ्याच फोनवर. वाईट बातमीखेरीज तिनं मला फोन करायचं कारणच नाही.

"आई गेली हो दादा. सकाळी. ओट्यापाशी उभी होती आणि बसली ती बसलीच."

बंब खोलीत झोपलेला. खाली उतरलो, जिन्यात उभा राहिलो तर त्याचं घोरणं ऐकू येत होतं.

आमच्या धंद्यातली रीत आहे. भट्टी चढत असताना तापवणाऱ्याला घरची वाईट बातमी सांगायची नाही. म्हणून प्रत्येकजण निघताना घरी जोडीदाराचा नंबर देऊन ठेवतो. काही झालं तर फोन त्याला. वेळ कधी, सांगायचं कसं, ते तो ठरवतो. कारण काय, तर आगीपुढच्या माणसाचा हात हलला की कमान गेली, आणि कमानीखाली माणसं असतात. मी बाबांकडून शिकलो, बंब माझ्याकडून. त्याच्या घरी माझा नंबर आहे, माझ्या घरी त्याचा. ताईनं रीतच पाळली.

बाबांच्या वेळी असंच झालं होतं. आजोबा गेले तेव्हा बाबा लांब कुठेतरी भट्टीवर. भट्टी पुरी झाल्यावर सांगितलं त्यांना. घरी आले, आजीच्या पायाशी बसले, म्हणाले, बरं केलंत. मग न्हाणीघरात गेले. आत नळ सोडलेला. बादली भरून वाहत होती आणि पाणी दाराखालून बाहेर येत होतं. मी लहान होतो. मला वाटलं, बाबा नळ बंद करायला विसरले.

ताईनं विचारलं, त्याचा फोन आला तर काय सांगू? तो रोज आईशी बोलतो.

मी म्हटलं, सांगा गोळी घेऊन झोपलीय.

ती जरा थांबली. मग म्हणाली, बरं. शेवटचं सगळं तिनंच केलं, शेजाऱ्यांना घेऊन. रडत नव्हती. मीच जिन्यात बसून राहिलो.

संध्याकाळी तो उठला, जांभई देत म्हणाला, दादा, डाळ मी करतो, तुमची डाळ म्हणजे औषध. मी बरं म्हटलं. भट्टी तीनशेच्या पुढे गेलीय. कमान सर्वांत जास्त फुगते ते हेच दिवस. आत्ता सांगणं शक्यच नाही.

२७ डिसेंबर

सकाळी त्यानं फोन लावला. स्पीकरवर. मी कपात बघत होतो.

ताई म्हणाली, आई गोळी घेऊन झोपलीय.

बंबानं फोन जवळ ओढला. मग म्हणाला, झोपू दे. ठेवला फोन. बिस्किट चहात बुडवलं, ते विरघळून पडलं, तरी तो कप तोंडाला लावून बसला. मी घाईघाईनं हवेबद्दल काहीतरी बोललो. नंतर म्हणाला, जरा झोप येतेय, आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

सुटलो, असं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली.

२८ डिसेंबर

पुन्हा तेच. गोळी, झोप. यानं जास्त विचारलं नाही. मला वाटतं ताई फार चांगलं निभावतेय.

संध्याकाळी जेवताना त्यानं लोणच्याची बाटली उघडली आणि दोघांच्या ताटात चांगलं वाढलं. म्हटलं, अरे, पुरवायचं होतं ना? म्हणाला, असू दे. ते लोणचं त्याच्या आईनं घातलेलं. माझ्या घशाखाली उतरेना. त्यानं ताट स्वच्छ पुसून खाल्लं.

घरी फोन केला होता. बाबांनी विचारलं, किती? पाचशेवर गेली म्हटलं. खूश झाले. म्हणाले, आता कमान बोलायला लागेल, कान दे. पुढचं बोलायला फोन हिच्याकडे दिला तर ही कुजबुजली, बाबांना कालपासून धाप लागतेय, डॉक्टर येऊन गेले, काळजीचं नाही. काळजीचं नाही म्हणालेत तर नसेल. मला या घडीला बंबाच्या पलीकडे काही सुचत नाही.

२९ डिसेंबर

आज माझ्या हातून भट्टी जात होती.

 सकाळच्या फेरीत मागच्या बाजूचा एक दांडा माझ्याकडून राहिला. राहिला म्हणजे राहिलाच! मी त्याच्यासमोर उभा होतो, पाना हातात होता, आणि डोक्यात एकच, आज त्याला सांगावं की नाही. तसाच पुढच्या दांड्याकडे गेलो. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. संध्याकाळी बंब पाळीवर आला, नेहमीप्रमाणे सगळे दांडे बोटांनी वाजवत गेला आणि त्या दांड्यापाशी थांबला. आवाज वेगळा येतोय म्हणाला. ताणून ताणून बसलेला. वर बघितलं तर त्या जागी कमानीची उंची दाखवणारा काटा बाकीच्यांपेक्षा वर सरकलेला, आणि दोन विटांच्या कडा उडालेल्या.

त्यानं पाना घेतला. एकदम सोडला असता तर कमान त्या जागी खाली आली असती. जरासं फिरवायचा, थांबायचा, काटा बघायचा. परत जरासं. मी बाजूला उभा राहून काटा वाचत होतो आणि माझा आवाज चिरकत होता. खूप वेळ लागला. शेवटी काटा जागेवर आला. बंबानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. म्हणाला, "होतं असं. तुम्ही जा, झोपा."

होतं असं! दुसरा कोणी असता तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

ज्याची आई गेली त्याचा हात स्थिर. हलला तो माझा. मग ही रीत आम्ही कोणासाठी पाळतोय? पडून राहिलो, झोप आली नाही. उद्या सांगतो. काय व्हायचं ते होऊ दे.

३० डिसेंबर

सांगितलं.

सकाळी तो पाळीवरून आला, हात धुतले, चहा ओतायला घेतला. त्यानं फोन काढायच्या आत मी म्हटलं, "थांब. फोन लावू नको. तुझी आई गेली रे. मला ती गेली त्याच दिवशी कळलं होतं."

त्यानं माझा कप भरला. मग त्याचा भरला. किटली खाली ठेवली.

"माहीत आहे," म्हणाला.

मी उचललेला कप परत खाली ठेवला.

"आई, आणि दुपारी गोळी घेऊन झोपली? दादा, ताईचा आवाज ऐकला आणि कळलं. पुढे विचारलं असतं तर ती रडली असती. मग मी. मग भट्टी तुम्हाला एकट्याला ओढावी लागली असती. म्हणून म्हटलं, झोपू दे तिला."

आणि मला आठवलं. आदल्याच आठवड्यात त्या बाईनं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं होतं की ती दुपारी झोपत नाही! मी हसलो होतो, इथे लिहूनही ठेवलं होतं. आणि ताईला पढवताना नेमकं तेच वाक्य माझ्या तोंडून गेलं. ताई थांबली होती ती म्हणून.

 हीटरवर संत्र्याच्या साली वाळून काळ्या पडल्या होत्या, त्या तो बोटानं सरळ करत होता. मग त्यानं विचारलं, "कशानं गेली?"

तेव्हा मला रडू फुटलं. इतके दिवस त्याला ठाऊक होतं की आई नाही, पण कशी गेली, कधी, त्रास झाला का, शेवटी कोण जवळ होतं, काही ठाऊक नव्हतं. विचारायला कोणी नव्हतं. आणि ज्याला सगळं माहीत तो मी, समोर बसून त्याला भात वाढत होतो. सांगितलं सगळं. ओट्यापाशी उभी होती. त्रास झाला नाही. त्यानं विचारलं, ओट्यावर काय चाललं होतं? ते मला माहीत नव्हतं. मग त्यानं ताईला फोन लावला, स्पीकर बंद न करता, आणि पहिलं तेच विचारलं. दोघं भाऊबहीण किती तरी वेळ रडली. मी बाहेर गेलो.

कंपनीला फोन केला. परवाचं, पहिल्या तारखेचं तिकीट मिळालं त्याला. बदली माणूस चार तारखेपर्यंत येईल. मधले दिवस मी आणि वॉचमन. जमवतो. सहाशेचा घाट उतरलोय, आता कमान फारशी फुगणार नाही. काट्याकडे बघत बसायचं आणि बर्नर वाढवत जायचं.

ही रीत मोडायची. घरी सांगतो, यापुढे माझ्यापासून काही लपवायचं नाही. बाबांना पटणार नाही. भांडू.

३१ डिसेंबर

बंबाची बॅग भरली. एवढा गोल माणूस, पण कपडे किती थोडे! मी माझा स्वेटर घातला त्याच्या बॅगेत, विमानात थंडी वाजते म्हणून. त्यानं तो काढून परत माझ्या गादीवर ठेवला.

दुपारी त्याचा फोन वाजला. नेहमी स्पीकरवर बोलणारा हा, आज फोन बघितला आणि उठून खाली अंगणात गेला. वरून खिडकीतून दिसत होता. पाठमोरा, एक हात कमरेवर. बोलत कमी, ऐकत जास्त. ताई असेल, घरची व्यवस्था, कोण येणार, कोण राहणार. परत आला तो दारातच उभा राहिला.

"दादा, तुम्ही जा. मी थांबतो."

मला कळेना. "कुठे जा?"

"घरी. माझ्या तिकिटावर नाव बदलत असतील. मला आता जाऊन तरी काय करायचंय, सगळं उरकलंय. तुम्ही जा."

वेडा झालाय दुःखानं. मी चिडलो खरा. म्हटलं, आई तुझी गेली आणि घरी मी जाऊ? ताई वाट बघत बसलीय तिकडे. आणि भट्टीचा जबाबदार माणूस मी आहे, सही माझी आहे, मी कसा हलणार?  त्यानं तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, बरं. असं किती वेळा बरं म्हणतो हा माणूस. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तर त्यानं माझाच हात धरून ठेवला.

संध्याकाळी त्यानं स्वयंपाक केला. माझ्या आवडीची पातळ डाळ, जिला तो औषध म्हणतो.

१ जानेवारी

गेला.

वॉचमन गाडी बोलवून फाटकाशी उभा होता. बंबानं बॅग ठेवली, परत आला, पुन्हा एकदा भट्टीभोवती चक्कर मारली, सगळे दांडे वाजवून बघितले. मला म्हणाला, मागच्या बाजूकडे लक्ष ठेवा. मग म्हणाला, जेवत जा. मग म्हणाला, "मी पोहोचलो की आधी तुमच्या घरी जाऊन येतो."

मी म्हटलं, माझं घर कुठे, तुझं घर कुठे, उलट्या दिशेला. आधी ताईकडे जा. माझ्या घरी सगळे मजेत आहेत.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आईच्या आठवणीनं, दुसरं काय. म्हणाला, "भट्टी झाली की थेट घरी या दादा. मधे कुठे थांबू नका." आणि वाकून माझ्या पाया पडला. इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. मला अवघडल्यासारखं झालं, थट्टेनं म्हटलं, अरे, सुटणार आहेत तुझ्या पँटची बटणं. हसला नाही.

खोलीत त्याची गादी गुंडाळून ठेवली. लोणच्याची बाटली माझ्या उशापाशी ठेवून गेलाय, अर्धी भरलेली. त्याच्या आईच्या हातचं शेवटचं लोणचं! हे कोणी सोडून जातं का? परत देईन म्हणून वर ठेवली.

२ जानेवारी

वॉचमन सोन्यासारखा माणूस. मी खुर्चीत डोळा लावतो, तो काट्याकडे बघतो आणि तासाभरानं माझा गुडघा हलवतो. नऊशे झाले. भट्टीचं आतलं तोंड आता नारिंगी दिसतं.

घरी फोन. हिचा आवाज बसलेला. सर्दी झालीय म्हणाली. मी बंबाच्या आईचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. म्हटलं, आपल्या घरी ही रीत बंद. यापुढे काही झालं तर मला सरळ सांगायचं, भट्टी गेली खड्ड्यात. कळलं?

हिनं नाक ओढलं.

मग म्हणाली, "जेवलात का?"

बाबा अंघोळीला गेले होते. पोरगी आज स्वतःहून फोनवर आली. नुसती "पप्पा" म्हणाली आणि फोन आईला दिला. मोठी झाली तरी आठवण येते तर! बरं वाटलं.

३ जानेवारी

बाराशे!

मोठे बर्नर लागले. दुपारी जुन्या काचेचे तुकडे आत टाकले आणि थोड्या वेळानं काळ्या भिंगातून बघितलं तर कडा गळायला लागल्या होत्या. एवढ्या भट्ट्या पाहिल्या, तरी दरवेळी पुन्हा एकदा बघतोच. वॉचमनला भिंग दिलं. त्यानं बघितलं, टोपी काढली, परत घातली. कमान सुरेख बसलीय. मागच्या बाजूच्या त्या दोन विटाही तग धरून आहेत, बंबाची मेहनत.

बदली माणूस उद्या येतो. दोन दिवसांत सगळं त्याच्या हाती देऊन मी मोकळा.

उद्या सकाळी फोन करीन. बाबांनी किती विचारलं की लगेच सांगायचं नाही. ओळखा म्हणायचं. ते बरोबर ओळखतात, आवाजावरून. मग म्हणायचं, घाई केली नाही बाबा.

४ जानेवारी

सकाळी फोन केला. म्हटलं, बाबांना दे.

ही म्हणाली, "बाबा गोळी घेऊन झोपलेत."

बाबा, आणि गोळी!

मागे कोणीतरी नळ सोडला होता. पाण्याचा आवाज येत होता. मग नीट ऐकलं तर हिच्या बाजूला अजून कोणाचा तरी श्वास. जाडजूड, मला ओळखीचा. उलट्या दिशेला जाऊन पोहोचलाय आधी तिथे.

भट्टीपुढे मी एकटाच आहे. बदली माणूस संध्याकाळी येईल.

म्हटलं, झोपू देत.